गच्चीवरची भरती

लॉकडाऊन संपून केवढा काळ लोटला, पण आमच्या नंदनवनच्या टपरीवर चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "अबे, नलूकाकूचा झाडू आठवते का?" मग घरी जायचं नाव कुणी घेत नाही. त्या दिवसांनी आम्हाला दुसरं काही दिलं नसेल, किस्से मात्र ढिगानं दिले!

आमची गँग तिघांची. मी, नितीन आणि पल्लवी. एकाच अपार्टमेंटमधले आणि तिघंही पोलीस भरतीची तयारी करणारे. मैदानाला कुलूप लागलं, क्लास मोबाइलवर आला, आणि खोटं कशाला बोलू, मी आणि नितीन मनातून खूश झालो. पल्लवीचं तसं नव्हतं. तिच्या बाबांनी बजावून ठेवलं होतं, "आता येईल ती भरती शेवटची. नाही जमलं तर उमरेडच्या स्थळाले हो म्हणतो." ती दुसऱ्याच दिवशी गच्चीवर पळायला लागली. लाजेकाजेस्तव आम्हीही गेलो.

* * *

गच्चीच्या बरोबर खाली नलूकाकूंचं घर. काकू एकट्या, आवाज मात्र चौघींचा! डोक्यावर धपधप सुरू झाली की त्या जाळे काढायच्या लांब झाडूचा दांडा छताला ठोकत. ठकठकठक! तेवढ्यानं भागलं नाही तर स्वतः वर येत, आणि त्या आल्या की प्रॅक्टिस बंद.

पण काकूंचे गुडघे दुखरे. जिना चढायला वेळ लागे. पल्लवीनं ते बरोबर हेरलं. ठकठक ऐकू आली की ती उरलेले राउंड जीव खाऊन संपवायची आणि काकू दारात येईस्तोवर टाकीला टेकून पुस्तक उघडून बसायची.

"कोण पळून राहिलं होतं वं?"

"मी तर केव्हाची अभ्यास करून राहिली, काकू!"

पुस्तक उलटं धरलेलं असायचं.

* * *

मग काकूंनी डाव टाकला. माहेरची, म्हणजे अस्सल भिवापूरची मिरची त्यांनी गच्चीच्या मधोमध वाळत घातली. "आता पळा!"

पल्लवी कठड्याच्या कडेकडेनं पळायला लागली. नितीन दुसऱ्याच राउंडला शिंकून शिंकून खाली बसला. मास्क लावून आला, तरी तेच! पल्लवीचे डोळे लाल, नाक गळतंय, पण पाय थांबेनात. मिरची वाळेपर्यंत तिचा दम असा वाढला की ती पळता पळता नितीनला राज्यघटनेचे प्रश्न विचारायची. धाप लागायची ती बसलेल्या नितीनला.

* * *

अभ्यासाचीही तीच तऱ्हा. नेटवर्क फक्त टाकीजवळ, त्यामुळे सरांचा ऑनलाइन क्लास तिथंच, स्पीकर फुल्ल. एकदा सरांनी तोंडी परीक्षा घेतली. "नितीन, राज्यपालाची नेमणूक कोण करतं?"

नितीन घाईघाईनं पुस्तक चाळायला लागला. खालच्या खिडकीतून आवाज आला, "राष्ट्रपती! रोज ऐकून ऐकून मले पाठ झालं, अन् तुले अजून येत नाही बे?"

सर खूश! "शाब्बास! ही नवीन ॲडमिशन कोणाची?"

* * *

शेवटी मैदान उघडलं. सरांनी पहिल्याच दिवशी शंभर मीटर सरळ पळायला लावलं. शिट्टी वाजली, पल्लवी सुसाट सुटली, गच्चीएवढं अंतर गेली आणि धाडकन डावीकडे वळली! थेट सरांच्या स्कूटरवर.

"बेटा, इथं कठडा नाही!"

"मले माहीत आहे सर. पायाले नाही ना माहीत!"

* * *

भरती मात्र पुढं पुढं ढकलली जात होती. उमरेडहून फोनवर फोन येत होते. पल्लवीनं पळणं सोडलं. पुस्तकंही बांधून ठेवली. गच्ची एकदम सुनी झाली.

एका दुपारी काकू तिच्या दारात उभ्या. "पोरगी काहून पळून नाही राहिली?"

बाबा म्हणाले, "भरतीचा पत्ता नाही, काकू. किती पळवायचं तिले?"

"भरती होईल तवा होईल. डोक्यावर धपधप नसली तर घर खायले उठते मले. पाठवा तिले वर!"

बाबांनी दार ओढून घेतलं. पण संध्याकाळी धपधप ऐकू आली. मला भरून आलं, खरंच सांगतो.

* * *

आज पल्लवी खाकीत ड्युटीवर असते आणि नितीन मिरचीच्या दुकानासमोरून अजून जात नाही. पण खरा किस्सा भरतीच्या दिवसाचा.

आत फक्त उमेदवार. बाहेर पत्र्याच्या कुंपणाला डोळे लावून आम्ही, छत्री घेतलेल्या काकू, आणि एका बाजूला हाताची घडी घातलेले पल्लवीचे बाबा. मुलींची आठशे मीटरची शर्यत सुटली. पहिला राउंड झकास. दुसऱ्यात पल्लवी मागं पडायला लागली. एक पुढं गेली, दुसरी गेली. फटीतून तिचा चेहरा दिसत होता, पार उतरलेला.

काकूंनी छत्री मिटली, उलटी धरली आणि दांडा पत्र्यावर हाणला. ठकठकठक!

पल्लवीनं मान वर केली. आणि सुटली!

गेटवरचा शिपाई धावत आला. "ओ काकू, पत्रा काहून ठोकून राहिल्या?"

"हट गा, वर येऊन राहिली मी!" काकू मैदानाकडं बघत ओरडल्या.

शिपायानं छत्री हिसकावून घेतली. तेव्हा पल्लवीच्या बाबांनी पायातली चप्पल काढली आणि पत्र्यावर हाणायला सुरुवात केली.