वाढवे मॅडमच्या तीन वाट्या

मॅडम गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला. भरदुपारी मी हिंगोलीच्या एसटी स्टँडवर उभा होतो. "सलीमकाका, आई सकाळी गेली... झोपेतच," एवढंच ती बोलली. आणि मला पहिल्यांदा वाटलं ते सुटल्यासारखं. लिहिताना संकोच होतो, पण खरं तेच आहे. सहा महिने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, कूस बदलली तरी कळा यायच्या. ते संपलं. शिवाय आम्हा दोघांत मनातलं बोलायचं काही बाकी राहिलेलं नव्हतं. कधी काळी ते राहूनच जाईल अशी वेळ माझ्या तोंडानं आणली होती. तीच गोष्ट सांगायची आहे.

सुमन वाढवे मॅडम हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. मॅडमनी पीएच.डी.ला विषय घेतला होता तो असा, की जनावरांना, कोंबड्यांना जी प्रतिजैविकं देतात त्यांचा अंश पाण्यात उतरतो, तो मातीतल्या खनिजानं काढून घेता येतो का. खनिज म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली काळी माती. शिरड शहापूरला त्यांच्या वडिलांचं शेत होतं, तिथली माती पोत्यात घालून त्या बसनं आणायच्या. मी ती वाळवून चाळून द्यायचो. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पाण्यात फोडली की पाणी पिवळं होतं. मॅडम त्यात माती ढवळायच्या, तुरटी फिरवायच्या, आणि गाळ खाली बसला की वरचं पाणी नितळ! "या मातीचे कण वहीच्या पानांसारखे असतात सलीमभाई. औषध त्या पानांत जाऊन चिकटतं," त्या सांगायच्या. सुरुवातीला त्यांनी काचेच्या नळीत माती भरून वरून पाणी सोडून पाहिलं होतं. माती अशी फुगली की दोन दिवसांत खाली एक थेंब उतरला नाही. मी हसलो, तशा त्याही हसल्या.

पण खऱ्या पाण्यावर काय होतं ते पाहायचं होतं. शिरड शहापूरलाच माझी मोठी बहीण, जमीला आपा, दिलेली. तिचे मालक गफ्फारभाई, आमचे दुल्हाभाई, यांनी गावाबाहेर कोंबड्यांचं शेड टाकलं होतं. औषधाची पावडर ते कोंबड्यांच्या पाण्यात कालवायचे आणि उरलेलं पाणी नालीत ओतून द्यायचे. ती नाली बौद्ध वस्तीच्या विहिरीजवळून जायची. त्याच वस्तीत मॅडम लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरत असताना त्यांच्या काकूनं विचारलं, "काय करून राहिली सुमन?" मॅडम सहज बोलून गेल्या, "पाण्यात औषध उतरलं का, ते पाहून राहिले."

संध्याकाळपर्यंत गावात झालं, की गफ्फारनं विहिरीत औषध टाकलं. वस्तीनं विहिरीचं पाणी बंद केलं. बाया घागरी घेऊन पार शाळेच्या हापशावर जाऊ लागल्या. शेडसमोर माणसं जमली, शेड बंद करा म्हणाली. आपानं दोन दिवस चूल पेटवली नाही. ज्यांच्या लेकरांना तिनं अंगाखांद्यावर खेळवलं, त्यांनीच दारातून तोंड फिरवलं होतं.

मी तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो तो तापलेलाच. "मॅडम, काहून बोललात असं? तुमच्या एका बोलण्यानं माझ्या बहिणीचं घर बसलं. तुमाला डॉक्टर व्हायचंय, बाकीच्यांचं काही का होईना." मॅडमचा चेहरा पडला. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोललो नाही. त्या दिसल्या की बाहेर जायचो.

आठवड्यानं त्या स्वतःच माझ्या टेबलाशी आल्या. "दुधाची पावडर आणली आहे. शनिवारी शिरडला याल? तुमीच पाहिजे." दही लावणारे जंतूसुद्धा जंतूच, औषध असेल तर तेही मरतील, दही लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. वस्तीतल्या विहारात, सगळ्यांसमोर, त्यांनी तीन पाणी घेतली. एक विहिरीचं, एक गफ्फारभाईंच्या नालीचं, आणि तिसरं नालीचंच, पण काळी माती ढवळून नितळलेलं. तिन्ही गाळली, उकळली, त्यात सारखी पावडर कालवली, कोमट झाल्यावर तीन वाट्यांत ओतून सारखं विरजण लावलं. मग मला म्हणाल्या, "वाट्यांच्या जागा बदलून खाली चिठ्ठ्या तुमी ठेवा. कुठली कशाची ते मलाबी नका सांगू." त्या आमच्याकडे पाठ करून बसल्या. विहाराला कुलूप लागलं. किल्ली काकूच्या कमरेला.

ती रात्र आपाच्या घरी कशी काढली ते आम्हालाच माहीत. सकाळी अख्खी वस्ती हजर. पलीकडे गफ्फारभाई हात बांधून उभे. काकूनं पहिली वाटी तिरपी केली. दही जागचं हललं नाही. दुसरी तिरपी केली तर पातळ दूध तिच्या हातावरून ओघळलं. तिसरी... घट्ट. चिठ्ठ्या मी उलटल्या. पहिली विहिरीची! दुसरी नालीची, तिसरी मातीनं नितळलेली. "मंग आमची विहीर साफ हाय नं?" कुणीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "या परीक्षेत तरी साफ हाय. मोठ्या प्रयोगशाळेतबी पाणी धाडलंय, ते येईपर्यंत थांबा." काकू वाटी हातात धरून, "हे खाऊ का गं?" "न्हाई न्हाई काकू, ठेव खाली!" सगळे हसले. आपा हसता हसता रडायला लागली, तशी काकूनं तिला जवळ ओढलं.

गफ्फारभाई मात्र हसले नाहीत. पुढं येऊन म्हणाले, "विहीर साफ, पन नालीत तर औषध हाय नं बाई? आज न्हाई, उद्या उतरंल. थोडं थोडं औषध पिऊन जंतू सरावला, की लेकराला गोळी लागू न्हाई पडत, असं तुमीच म्हनता. सांगा काय करू." मॅडमनी सांगितलं, उरलेलं पाणी नालीत सोडायचं नाही, खड्ड्यात साठवून त्यात काळी माती ढवळायची. मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं, विहीर निर्धोक निघाली, घागरी परत विहिरीवर आल्या. तोवर शेडमागं खड्डा खणून, बांधूनही झाला होता.

वाट्या पाहिल्या त्याच रविवारी परतीच्या बसमध्ये मी कसाबसा बोललो, "मॅडम, त्या दिवशी माझं चुकलं." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "तुमी बराबरच बोललात सलीमभाई. आधी तपासायचं, मग बोलायचं. मी उलटं केलं." मग पर्समधून शेंगदाण्याची पुडी काढून निम्मी माझ्या हातावर रिकामी केली. विषय तिथंच मिटला. पुढं त्या डॉक्टर झाल्या. त्या दिवशी पेढे मी वाटले.

अंत्यविधीला आपा आणि गफ्फारभाई दोघंही आले होते. त्रिशरण सुरू असताना आपा काकूचा हात धरून उभी होती. नंतर त्यांच्याबरोबर मी शिरडला गेलो. शेडमागच्या खड्ड्यात कोंबड्यांचं उरलेलं पाणी साचलं होतं. गफ्फारभाईंनी बाह्या सारल्या, चाळलेली काळी माती टाकली आणि बांबूनं ढवळायला लागले. जुना गाळ शेजारच्या सिमेंटच्या हौदात झाकून ठेवलेला. माती औषध धरून ठेवते, संपवत नाही, म्हणून तो शेतात टाकायचा नाही, हे मॅडमचं सांगणं. थोड्या वेळानं मी म्हणालो, "बस झालं दुल्हाभाई, दमलात." त्यांनी मान हलवली. "न्हाई रे. अजून हाय. बाईनं अर्धा तास सांगितलाय." आणि ते ढवळत राहिले.