मुक्या गाडीचे अप्पा

अप्पा येताना ऐकू यायचे नाहीत. एकदम दिसायचे. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई सहज मागे वळायची, तर हाताच्या अंतरावर पांढरी गाडी उभी असायची. काचा खाली, आत अप्पा. "तुझं होऊ दे गो सावकाश, मला घाई नाही," असं ते म्हणायचे आणि तोवर बाईच्या हातातली कळशी निम्मी सांडलेली असायची. गावातली कुत्री एरवी एस्टीपासून भाजीच्या टेंपोपर्यंत सगळ्यांच्या मागे जीव तोडून धावत. या गाडीवर एकही भुंकत नसे. ती कडेला बसून माना वळवत गाडी जाताना बघत राहायची. हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला होता.

मी तेव्हा मुरुडच्या शाळेत नव्याने लागले होते आणि नांदगावात अप्पांच्या वाडीतल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. अलिबागच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेला हा उंच, वाकलेला माणूस नारळी-पोफळीच्या त्या वाडीत एकटाच राहायचा. माई, म्हणजे त्यांची बायको, गेल्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगी मुंबईला. त्यांची गाडी हायब्रिड होती, म्हणजे पोटात पेट्रोलचं इंजिनही आणि बॅटरीवर चालणारी मोटरही. आपण हलक्या पायाने चालवली तर ती बॅटरीवरच पळते आणि समोर हिरवी अक्षरं उजळतात. जरा जोर दिला की इंजिन जागं होतं. अप्पांचा सगळा जीव त्या हिरव्या अक्षरांत होता. गावात तिला मुकी गाडी म्हणत आणि अप्पांना मुक्या गाडीवाले.

"इंजिनाला झोपू द्यावं," हे त्यांचं पहिलं वाक्य. मला गाडी शिकवली त्यांनीच. शेजारी बसून ते सांगायचे, "पाय असा ठेव, की खाली मांजराचं पिल्लू निजलंय." चढ दिसला की आधीच्या सपाटीवर अलगद वेग घ्यायचा आणि माथ्यावर पोचण्याआधीच पाय काढायचा. पुढे गुरं आडवी दिसली, तर जवळ जाऊन कचकन ब्रेक मारायचा नाही. लांबूनच हळूहळू दाबत न्यायचा, म्हणजे चाकांची ताकद परत बॅटरीत भरते. "ब्रेक म्हणजे खर्च नव्हे बाई, वसुली आहे. पण वसुलीसुद्धा गोडीनं करावी." काशीदचा घाट ते असा उतरायचे, की खाली येईपर्यंत बॅटरी गच्च भरलेली असायची आणि आपण गाडीत नसून पाण्यावरून वाहत आलो असं वाटायचं.

एका कामासाठी ते कधीच गाडी काढत नसत. कोणाची औषधं, कोणाचं दळण, कोणाला बँकेत सोडायचं, सगळं जमेपर्यंत थांबायचे आणि मग एका फेरीत उरकायचे. गाडीतलं जड सामान काढून टाकलेलं. टायरमधली हवा दर आठवड्याला बघायची. एसी नाहीच. वैशाखातसुद्धा चारही काचा खाली. कोणी चेष्टेने म्हटलं, "अप्पा, एवढं पेट्रोल वाचवून कुठं नेणार?" तर हसून म्हणत, "जमिनीखालनं एवढं लांबून आणलेलं ते. उगाच कशाला जाळायचं?" लोक त्यांना चिक्कू समजत. मीही समजत होते.

एक सवय मात्र चिक्कूपणात बसत नव्हती. रिकाम्या रस्त्यावर, काही कारण नसताना, ते गाडी थांबवायचे. एका बाजूला केवड्याचं बन, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे आमची आवाज नसलेली गाडी. अप्पा मान किंचित कलती करून बसून राहायचे. मी विचारायची, "काय झालं अप्पा?" ते माझ्याकडे वळून बघायचे आणि म्हणायचे, "काही नाही." मग गाडी पुन्हा सरकायला लागायची. ते ज्या बाजूला कान देत, तिकडे मीही बघायची. तिथे कधीच काही नसे. तरी तेवढा वेळ मला श्वाससुद्धा जपून घ्यावासा वाटे.

त्या वर्षी माघात दिवेआगरला त्यांच्या नात्यात मुंज होती. मलाही घेऊन गेले. परतताना म्हसळ्याकडून वळसा घेण्याऐवजी आम्ही दिघीला तरीवर, म्हणजे फेरीबोटीवर, गाडी चढवली आणि खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलो. हाही त्यांच्या पेट्रोल वाचवण्यातलाच भाग. तिन्हीसांजा झाल्या होत्या. मुरुडकडे येताना रस्ता काही अंतर खाडीच्या कडेने जातो. खाली तिवरांची दाट झाडी आणि तिच्यापलीकडे गाळ. भरतीचं पाणी चढायला लागलं होतं. आमच्या पुढून एक टेंपो गेला, मागून दोन मोटारसायकली गेल्या. मग रस्ता रिकामा झाला.

अप्पांनी गाडी थांबवली. नेहमीसारखी नाही. एकदम.

"ऐकलंस?"

"नाही, अप्पा."

"हाक मारली."

मी कान टवकारले. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज आणि एक टिटवी. दुसरं काहीही नाही. मी तसं म्हणेपर्यंत अप्पा चपला काढून बांध उतरले होते. सत्तरीपलीकडचा माणूस, धोतराचा काचा मारून, ज्या गाळात दिवसासुद्धा माहितगार बाया सांभाळून पाय टाकतात, तिथे सरळ चालत निघाला. कुठे जायचं हे माहीत असल्यासारखा. मी मोबाइलचा उजेड धरून मागे धावले. "अप्पा, थांबा, कोणी नाहीये तिथे!" मी ओरडत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

तिवरांच्या पलीकडे बाई होती. मांडीपर्यंत गाळात रुतलेली, पाणी छातीला लागलेलं, दोन्ही हातांनी तिवराची फांदी कवटाळून. तिचे डोळे सताड उघडे होते आणि तोंड मिटलेलं. उजेड पडला तरी ती बोलली नाही. शेजारी तिची पाटी पाण्यावर गोल गोल फिरत होती.

दोर नव्हता. वजन नको म्हणून गाडीतून सगळं काढून टाकलेलं. मी बांधावर परत धावले, गाडीतले पायाखालचे रबरी मॅट उपसले आणि मुंजीत आहेर मिळालेली कोरी साडी घेतली. मॅट गाळावर टाकून त्यांवर अप्पा आडवे झाले, साडी तिच्या काखेतून घातली, आणि आम्ही ओढू लागलो. किती वेळ ओढत होतो सांगता येणार नाही. पाणी तिच्या गळ्याशी आलं, तेव्हा कुठे गाळाने तिचा एक पाय सोडला. मग दुसरा. दुसरा पाय घोट्यात वाकडा झाला होता.

तिला गाडीत घातलं. अप्पा म्हणाले, "तू मागे बस. तिचं डोकं मांडीवर घे. आणि ती काय बोलते ते बघ. ओठ जरी हलले तरी मला सांग. कळलं? ओठ जरी हलले." आणि त्यांनी ॲक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबला. समोरची हिरवी अक्षरं विझली. इतक्या महिन्यांत त्या गाडीचं इंजिन असं ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी दचकले. अप्पा आरशातून एकसारखे मागे बघत होते, आणि दर वळणावर विचारत होते, "काही म्हणाली का? काही म्हणतेय का?"

बाईचं नाव यमुना. कोळीवाड्यातली. ओहोटीला इतर बायांबरोबर गाळातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला गेली होती. त्या घरी गेल्या, ही अजून थोड्या मिळतील म्हणून मागे राहिली. मुरुडच्या दवाखान्यात सलाईन लावल्यावर ती जरा भानावर आली. तिचा नवरा आला होता, आक्का म्हणून माझे हात धरून रडत होता. मी यमुनेला म्हटलं, "बाई, तुझी हाक अप्पांना ऐकू आली म्हणून बरं."

ती घशातून नुसती हवा यावी तसं बोलली.

"मी हाक न्हाय मारली, बाई."

"घाबरली होतीस, तुला आठवत नसेल."

"आटवतं ना. पयल्यांदा लय वरडले. कोन आलं न्हाय. मंग आवाजच बसला. तुमी आलात तवा कवाची गप व्हते मी. देवाचं नावबी मनातच घेत व्हते." मग ती दारात उभ्या असलेल्या अप्पांकडे बघून म्हणाली, "यांना कोनी सांगितलं?"

अप्पांनी मान खाली घातली आणि ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला ओटीवर बोलावलं आणि माईंचं सांगितलं. पूर्वी त्यांच्याकडे जुनी डिझेलची जीप होती. माईंच्या छातीत कळ आली, तेव्हा त्यांना मागच्या सीटवर निजवून अप्पा अलिबागकडे निघाले होते. जीपचा आवाज असा, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. रेवदंड्याचा पूल ओलांडताना त्यांना आरशात दिसलं, माईंचे ओठ हलताहेत. "मी ओरडून म्हटलं, आलंच हो अलिबाग, आलंच. आणि आणखी जोरात हाणली गाडी. ती बोलतच होती. मला दिसत होती बोलताना. ऐकू येत नव्हती." अलिबागला पोचेपर्यंत माई गेल्या होत्या.

"ती काय म्हणाली ते मला माहीत नाही," अप्पा म्हणाले. "पाणी मागितलं असेल. मुलीचं काही सांगायचं असेल. जीप विकली आणि ठरवलं, ज्यात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही अशा गाडीत पुन्हा बसायचं नाही. लोकांना म्हणतो, पेट्रोल वाचवतो. वाचतं ते, खोटं नाही."

मी त्यांना खाडीवरच्या हाकेबद्दल विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना चक्कर येऊ लागली म्हणून मी त्यांना अलिबागला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण डॉक्टरीणबाई होती. अप्पांना काचेच्या खोलीत बसवून तिने तपासलं, मग मला एकटीला आत बोलावलं. "चक्कर कमी होईल. पण यांना ऐकू फार कमी येतं, हे घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"अहो, ते तर सगळं बोलतात आमच्याशी."

"तोंडाकडे बघून बोलत असतील. जवळचं, मोठ्यानं बोललेलं कळेल. लांबचा बारीक आवाज, उदाहरणार्थ कोणी हाक मारली तर, नाही कळणार."

"हे आत्ता सुरू झालंय का?"

"छे. नस पार सुकलीय. बरीच वर्षं असणार."

माझे कान तरणे, मला काही ऐकू आलं नव्हतं. यमुनेने हाक मारली नव्हती. आणि अप्पा तर बहिरे होते. तरी त्या चिखलातून ते एक पाऊलही न चुकता तिच्यापाशी गेले होते. परतताना मी गाडी चालवत होते आणि अप्पा शेजारी डुलक्या घेत होते. सबंध वाटेत मी एकदाही त्या बाजूला बघितलं नाही. खरं सांगते, मला त्यांची भीती वाटत होती.

त्यानंतर अप्पांनी स्टीअरिंगला हात लावला नाही. पावसाळ्याआधी मुलगी न्यायला आली. गाडी त्यांनी मला दिली, पैशांचा विषयसुद्धा काढू दिला नाही. लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचं ठरलं, म्हणून मीच दोघांना रेवसला सोडायला गेले. मुलगी तिकिटं काढायला गेली. धक्क्यावर अप्पा आणि मी उभे होतो. आता नाही विचारलं तर कधीच नाही, असं वाटून मी त्यांच्या समोर आले आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"अप्पा, त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"'अहो, थांबा.' असं ऐकू आलं. 'जरा थांबा ना.' एवढंच."

"कोणाचा आवाज?"

"माईचा आवाज मला ओळखू येणार नाही का गो?" ते म्हणाले. "मी इतकी वर्षं धरून बसलो होतो, की तिला काहीतरी मोठं सांगायचं असेल. तर थांबा म्हणत होती बिचारी. जरा गाडी थांबवा आणि माझ्याजवळ या, एवढंच." मग लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मी थांबलो ना त्या दिवशी?"

"थांबलात, अप्पा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलीचा दंड धरून लाँचमध्ये उतरले.

भाद्रपदात मुलीचा फोन आला. अप्पा गेले, शांतपणे गेले. बोलता बोलता ती अडखळली आणि म्हणाली, "ताई, शेवटचे काही दिवस बाबा कोणाशी तरी हळू हळू बोलायचे. मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारायची, कोण आहे, बाबा? तर माझ्याकडे न बघताच हात वर करून मला गप्प करायचे. समोरच्याचं बोलणं अजून संपलेलं नाही, असं."