गुरुवारची घंटा

राहू गावाच्या अलीकडेच आमचं गाव. ख्रिस्ती घरं पाचच, पण गावाबाहेरच्या दगडी देवळातली घंटा साऱ्या गावाच्या ओळखीची. पाहुणे चर्च म्हणतात, आम्ही देऊळच म्हणतो. रविवारी उपासनेला घंटा वाजवायची, एवढं काम वडिलांमागं माझ्याकडे आलं. मग उसात बिबट्या आला. त्यानं दोन शेळ्या नेल्यावर ग्रामसभेत ठरलं, की तो दिसला की देवळाची घंटा वाजवायची, म्हणजे माणसं घरात जातील. देवळाच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि मी मुळातला भित्रा. पण गावाला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

त्या गुरुवारी दिवस मावळायला आला होता. मी बाकं पुसत होतो, तेवढ्यात फोन आला, ओढ्यापाशी दिसला म्हणून. मी दार आतून लावून घेतलं आणि दोर ओढत सुटलो.

घंटा थांबते न थांबते, तोच शेजारच्या आप्पांचा फोन. "तुमची आई निघाली की देवळाकडं! किती हाका मारल्या, थांबंना."

साठ वर्षं घंटा झाली की ती उपासनेला निघते. आज वार विसरली असणार, आणि मीच तिला उसात बोलावलं होतं. तिचा रागही आला. कडीला हात घातला आणि वाटलं, इथंच थांबावं. क्षणभर थांबलोसुद्धा. त्याची लाज अजून जात नाही.

मग बांधावरून पळालो. उसाचं पाचट सळसळलं की थांबून मागं बघायचो. वळणावर ती दिसली, कमरेत वाकलेली. हातात बायबल नव्हतं. स्टीलचं ताट होतं, आणि ती ते उलथन्यानं बडवत येत होती.

"आज गुरुवार हाय, रविवार न्हाई!" मी ओरडलो. "कळत कसं न्हाई तुला?"

"कळतंय की," ती धापा टाकत म्हणाली. "बिबट्याचीच घंटा हाय. सगळी घरात गेली, आन् वाजवणारा एकटाच तिकडं ऱ्हायला. ल्हानपणापासनं भेकड तू. तुला घरी कोण आणणार?"

घरापर्यंत ती पुढं चालली, ताट बडवत. पन्नाशीचा मी मागं, तिचा पदर धरून.