म्हातारीचं काय केलंस?

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे रिकाम्या बाटल्या टाकायला गेलो. जर्मनीत, येना शहरात मी मुलाकडे राहतो, आणि हा फ्रेंच माणूस वरच्या मजल्यावर. आधी खुनांची पुस्तकं लिहायचा, आता टीव्हीला खून पुरवतो. प्रत्येक खून आधी मला मोडक्या जर्मनमध्ये सांगणार आणि माझं तोंड निरखणार. मी घाबरलो की हा खूश.

"म्हातारी स्वयंपाकघरात एकटीच मरते," तो म्हणाला. "नवरा फिरायला गेलेला."

माझी बायको अशीच गेली.

"हिला मारू नकोस रे."

"आल्झो... म्हणजे, आजच हा भाग पाठवायचाय. नाही मारली तर काम जाईल."

बाटली त्याच्या हातातच राहिली.

सकाळी बेल वाजली. मला वाटलं, मारलीच यानं. तरी दार उघडलं.

"म्हातारी जिवंत आहे," तो म्हणाला. "काम गेलं. चहा टाका."