पॅकिंगच्या टेबलाला हार नाही

खंडेनवमीला तुमच्या कारखान्यात हार घालायला सुरुवात होते, तेव्हा सगळ्यांना हार घालून झाल्यावर कोण तसंच उभं राहतं, हे तुम्ही कधी वळून पाहिलंय का?

मी पाहिलं ते अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. पण त्याआधी आमच्या घराबद्दल सांगायला हवं. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला आणि युनियनची पत्रकं लिहिणारे. मला पाढे यायच्या आधी पत्रकाची घडी घालता यायची. वडिलांचं म्हणणं असं की हक्काचं मिळालं तर त्याचे आभार मानायचे नाहीत, फक्त पोच द्यायची. ही सवय त्यांना इतकी जडली होती की शेजारच्या काकूंनी खिरीची वाटी आणून दिली तरी ते दारात उभं राहून गंभीरपणे म्हणत, "पोचली." मग आई आतून धावत यायची, "अहो, काय सुरेख झालीये खीर!" वाटीला अजून चमचासुद्धा लागलेला नसायचा.

अशा वळणाची मी कॉलेज संपवून त्या शेडमध्ये बिलं टाइप करायला लागले. तिथे पितळी बुश, म्हणजे यंत्रांत बसवायच्या छोट्या नळ्या, बनायचे. ओळीने लेथ, मग ड्रिल, मग ग्राइंडर, आणि सगळ्यात शेवटी एक लांब लाकडी टेबल. त्या टेबलाशी तीन बायका बुश पुसायच्या, ओरखडा असलेला बाजूला काढायच्या आणि उरलेले पिशव्यांत भरायच्या. त्यांतल्या थोरल्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे. मावशींच्या घरचा शहराबाहेर फुलांचा मळा होता. खंडेनवमीचा झेंडू त्यांच्याच मळ्यातून यायचा आणि हारही त्याच ओवायच्या.

पहिल्या वर्षी मी पूजा बघत होते. शेठच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे आणि शेठ हार घेऊन मागे. लेथला हार, ड्रिलला हार, ग्राइंडरला हार. मग वजनकाट्याला, माझ्या टाइपरायटरला, शेठच्या स्कूटरला. शेवटी संडासामागे पाणी ओढणाऱ्या मोटरलासुद्धा एक छोटा हार गेला. आणि ताट टेबलापाशी येऊन वळलं.

"मावशी, तुमचं टेबल राहिलं!" मी म्हणाले.

"आमच्याकडं मशीन कुठं हाय? आम्ही हातानं करतो." त्या हसल्या, पण टेबलावर सांडलेल्या पाकळ्या उगाचच गोळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दरसाल वाटतं, यंदा ताट इकडं येईल. मोटरलाबी घातला, बघितलास ना?"

बघितला होता. पुढच्या खंडेनवमीपर्यंत माझं पत्रक तयार होतं. मथळा होता 'यंत्रांना हार, हातांना हुलकावणी!' डब्याच्या सुट्टीत मी ते मावशींना खड्या आवाजात वाचून दाखवलं.

"लय भारी लिवलंय," त्या म्हणाल्या. "आता घडी घाल नि पर्समधी ठेव."

"का?"

"हे वाचून शेठ चिडंल. चिडून घातलेला हार मला नको. त्याला आपणहून सुचाया पायजे."

"सुचण्याची वाट किती बघायची, मावशी? मागणी म्हणजे मागणी!"

पलीकडे लेथवाले काका भाकरी मोडत होते. ते म्हणाले, "ही पोरगी लग्नात अक्षतासुद्धा मागणीपत्र देऊन घेणार बघा."

मी काही पत्रक पर्समध्ये ठेवलं नाही. पूजेच्या सकाळी मेन स्विचशेजारी चिकटवलं. शेठ हार हातात घेऊन ते वाचत उभे राहिले आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मला माणसांची कदर नाही? बोनस कोण देतं?"

"बोनस हक्काचा आहे, शेठ. त्याचा इथे संबंध नाही."

"आणि टेबलाला कसला हार? सुताराने ठोकलेली फळी ती! मशीन असतं तर घातलाच असता."

ताट जागच्या जागी थांबलं. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्विचमागे लपावंसं वाटलं. इतकी वर्षं त्या ज्याची वाट बघत होत्या, ते माझ्या उद्गारचिन्हांखाली चेंगरणार होतं.

मग त्या स्वतःच पुढे आल्या. पदराला हात पुसले आणि दोन्ही पंजे टेबलावर उपडे ठेवले.

"हे घ्या मशीन. तेल लागत नाय, लाइट गेली तरी चालतं."

आधी वहिनी हसल्या, मग काका, मग सगळी शेड. वहिनींनी मावशींच्या दोन्ही हातांवर हळदीकुंकू लावलं. शेठ क्षणभर घुटमळले, मग हातातला हार त्यांनी टेबलाच्या कडेला नीट बांधला आणि पुटपुटले, "मावशी, खरंच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." मावशींनी मान खाली घातली. डोळे मात्र हारावर होते.

उरलेल्या दोघींनी हात ठेवले. मग काका आले, "आमच्या लेथला दरवर्षी मिळतं, आम्हाला कधी?" शेठनीही हात पुढे केले तेव्हा काका म्हणाले, "तुमचं काय, शेठ? तुमचा हात सहीपुरता, नुसता अंगठा पुढं करा!"

शेवटी वहिनी माझ्याकडे आल्या. माझी बोटं शाईने काळी होती. "हे मशीन आवाज फार करतं," म्हणत त्यांनी कुंकू लावलं. मी तोंड उघडलं आणि वडिलोपार्जित शब्द बाहेर पडला, "पोचलं."

मावशींनी कोपराने ढोसलं. "नीट बोल की!"

"वहिनी, बरं वाटलं," मी म्हणाले. "आणि मावशी, हार फार सुंदर ओवलेत."

"आता कशी माणसासारखी बोलली!"

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "मागणी मान्य झाली?"

"झाली."

"लेखी?"

मी हात पुढे केला आणि 'पोचलं' म्हटल्यावर मावशींनी कसं ढोसलं तेही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ते कुंकू बराच वेळ तपासलं. मग स्वयंपाकघराकडे बघत, घसा खाकरून म्हणाले, "आजची भाजी... चांगली होती." आत आईच्या हातातलं भांडं पडलं.

तेव्हा यंदाच्या खंडेनवमीला एवढं करा. स्कूटरकडे वळण्याआधी ताट घेऊन शेडच्या शेवटच्या टेबलापर्यंत जा. तिथे हात असतील, त्यांना कुंकू लावा, आणि त्यांचं काय चांगलं आहे ते एका वाक्यात सांगा. भाषण नको. पत्रक लागलंच तर मला कळवा.