तात्यांनी घासलेली नळी

तात्यांच्या बोटांना ठसे नव्हते. टूलरूममध्ये डाय घासता घासता ते कधीच झिजून गेले होते. रायफल क्लबच्या परवान्यासाठी चौकीत अंगठा द्यायची वेळ आली, तेव्हा कागदावर नुसता काळा डाग उमटला. हवालदारानं तीनदा शाई लावली आणि वैतागून म्हणाला, "अहो, अंगठा आहे का सुपारी?" तात्या शांतपणे म्हणाले, "सही येती मला, सायब. अंगठा तुमीच मागितला." चौकीतून बाहेर पडेपर्यंत मी हसू दाबून धरलं होतं. तात्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पिंपरीतल्या आमच्या कंपनीत तात्या पॉलिशचं काम करायचे. पत्र्याची वस्तू ज्या साच्यात ठोकली जाते, तो साचा, म्हणजे डाय, आतून गुळगुळीत हवा. ते काम त्यांचं. "चमकंल ते चालंल," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. हातात येईल ती वस्तू ते घासायचे. माझ्या डब्याचं झाकण त्यांनी जेवणाच्या सुट्टीत असं घासलं होतं की त्यात बघून भांग पाडावा. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या तराजूची पारडीसुद्धा त्यांनी फुकटात लख्ख करून दिली, आणि वाण्याला तराजू पुन्हा तपासून घ्यावा लागला. मी तिथे इन्स्पेक्टर होतो. म्हणजे त्यांनी केलेलं काम गेज लावून बघायचं आणि पास की नापास ते सांगायचं. तात्यांचं काम नापास करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पुढे ती पहिल्यांदा आली, त्याचीच ही हकीकत आहे.

बासष्टच्या लढाईनंतर गावोगाव रायफल क्लब निघाले, तसा आमच्याही कामगारांनी काढला. नदीकाठी मातीचा बांध घातला, आणि क्लबच्या नावावर एक पॉइंट टू-टू रायफल घेतली. लढाईचा जोर ओसरला तशी माणसंही ओसरली. पुढे दहाबारा वर्षं आम्ही सातआठजण दर रविवारी पालथे पडून कागदाला भोकं पाडत राहिलो. रायफलीची देखभाल तात्यांकडे होती. नेमबाजी मात्र त्यांना मुळीच जमायची नाही. "माझी गोळी चाकणला जाती," असं ते स्वतःच सांगायचे. चाकण त्यांचं मूळ गाव.

शकू ही त्यांची एकुलती एक मुलगी. राजगुरुनगरजवळच्या एका खेड्यात दिली होती. दोन वर्षांतच ती परत आली. डाव्या हातावर उलथण्याचा लांबट डाग होता, आणि तो कसा पडला हे तिला कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं. तात्यांची बायको आधीच वारली होती. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत बापलेक राहू लागले. तात्यांचे भाऊ दर महिन्याला चाकणहून येऊन बसायचे आणि म्हणायचे, "दिवाळीपतुर ठेव. मग पोरीला नांदाया धाड. घरात अजून तीन पोरी उजवायच्या हायेत." तात्या मान खाली घालून ऐकून घ्यायचे. भावांपुढे त्यांना बोलता येत नसे.

एका रविवारी शकू त्यांचा डबा घेऊन नदीवर आली. कुणीतरी थट्टेनं तिच्या हाती रायफल दिली. तिनं पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही काळ्या गोलात बसल्या. वर्षभरात आमच्यातला एकही पुरुष तिच्या जवळपास उरला नाही. नेम धरताना तिचा चेहरा इतका निवांत व्हायचा, की बघणाऱ्याला तिच्या संसाराचा विसर पडे. मला वाटतं, तेवढा वेळ तिलाही पडत असावा.

मुलींच्या एका शाळेतल्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं, "राज्याच्या संघात नाव लागलं, तर खेळाची शिक्षिका म्हणून मी तुला घेते. नुसत्या मॅट्रिकवर मला घेता येणार नाही." निवड चाचणी दिवाळीच्या आधी पुण्यात होती. नाव लागलं तर नोकरी, नोकरी लागली तर भावांची तोंडं बंद. नाही लागलं, तर राजगुरुनगरची एस.टी. आणि नेमकी त्या पावसाळ्यात रायफलीची नळी आतून गंजली.

आम्ही तिघं पुण्याच्या कॅम्पातल्या एका बंदुकीच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदारानं तीन नळ्या काढल्या. पहिली परदेशी; तिची किंमत ऐकून आम्ही ती हातातही घेतली नाही. दुसरी नवी आणि स्वस्त, आतून काचेसारखी चकचकीत. तात्यांचे डोळे तिच्यावरच खिळले. तिसरी कुण्या मयत साहेबाच्या रायफलीची, जुनी, आतून काळपट, पण आमच्या वर्गणीत बसणारी. शकूनं दोन्ही नळ्या दाराच्या उजेडात धरून बराच वेळ आतून पाहिलं. काळपट नळी तिनं खाली ठेवली नाही. "हीच," ती म्हणाली.

दुकानदार खूश झाला. "पोरीची नजर चांगली आहे, भाऊ. चकचकीतवालीत आटेच, आतल्या वळणाच्या खाचाच, उथळ आहेत. आटे गोळीला फिरकी देतात, फिरकी असली तर गोळी सरळ जाते. ही काळी आहे, पण आटे शाबूत आहेत. तेलाचं फडकं फिरवा, बाकी हात लावू नका." त्यानंच कारागिराकडून नळी बसवून दिली. रविवारी शकूनं पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली असती. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर पंधरा काडतुसं उरली, ती चाचणीसाठी ठेवून दिली. नवी मिळायला महिना लागणार होता.

पण काळपट नळी तात्यांना बघवेना. "लेकीच्या हातात असलं कळकट द्यायचं व्हय?" असं ते दोनदा माझ्याजवळ बोलले. मी हसण्यावारी नेलं. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ते क्लबच्या खोलीत जाऊन ती नळी आतून घासत होते. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "बघ, इन्स्पेक्टर." मी आत पाहिलं. नळी झगझगीत झाली होती.

सवयीनं मी खिशातली भोकाचं माप बघायची पोलादी पिन काढली. नळी घेतली तेव्हा हीच पिन मी तिच्या तोंडाला लावून पाहिली होती, आणि ती तोंडाशीच अडली होती. आता ती आपल्या वजनानं आत उतरली. भोक मोठं झालं होतं, म्हणजे आटे झिजले होते. मला ते तिथल्या तिथे कळलं. मी वर पाहिलं, तर तात्या पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या पोरासारखे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "ओके, तात्या."

मनाची समजूत मी झटपट घातली. एवढ्या तेवढ्यानं काय होतं, शकूचा हात चांगला आहे, वगैरे. चाचणीला अजून तीन दिवस होते. कुणाची तरी रायफल उसनी मागता आली असती. सांगवीचा एक मेकॅनिक ओळखीचा होता, त्याच्या क्लबात दोन रायफली होत्या. मी गेलो नाही.

चाचणीत शकूची पहिली गोळी काळ्या गोलाच्या बाहेर लागली. कागदावर गोल भोक नव्हतं, आडवी चीर होती. गोळी फिरकी न घेता वाटेतच कलंडली होती. दुसरी त्याहून लांब गेली. शकूनं मान वळवून मागे पाहिलं. तात्या उभे होते तिथेच खाली बसले. तिनं उरलेल्या सगळ्या गोळ्या मारल्या, एकही न सोडता, शांतपणे. मग रायफल पुसून तात्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही हात लावलात ना?" तात्यांनी होकारार्थी मान हलवली. एवढंच बोलणं झालं.

दिवाळीनंतर तात्यांचे भाऊ तिला सासरी घेऊन गेले. मी एस.टी.पर्यंत गेलो होतो. ती खिडकीशी बसली होती आणि तात्यांकडे बघत नव्हती. गाडी सुटल्यावर तात्या म्हणाले, "कंडक्टरला सांगाया पायजे व्हतं, तिला गाडी लागती."

त्यानंतर तात्यांनी चांगलं काम केलं नाही. डाय अर्धवट घासून ठेवायचे. विचारलं की म्हणायचे, "चालंल." मी चारदोन परत पाठवले, मग साहेबांनीच त्यांना झाडूखात्यात घातलं. ते वर्ष सरायच्या आत त्यांनी नोकरी सोडली. शकूकडून पत्र येत नसे. तात्या दोनदा तिच्या गावी गेले आणि दोन्ही वेळा उंबऱ्यावरूनच परत आले. जावयानं आत घेतलं नाही, आणि तीही बाहेर आली नाही.

चारपाच वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. मला राहवलं नाही. पिनेची गोष्ट मी त्यांना सांगितली, सगळी. ते छताकडे बघत पडून राहिले. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शकूला बोललास का हे?"

"नाही."

"बोलू नगंस. बापावरचा राग तिला झेपतो. आनखी कुनावरचा इस्वास उडाला, तर ती कुनाकडं बघंल?"

तात्यांच्या दहाव्याला शकू आली. खूप वाळली होती. घाटावरून परतल्यावर सगळे पांगले, तेव्हा तिनं मला चहा करून दिला आणि समोर बसली.

"दादा, मी त्यांना कधी माफ केलं नाही," ती म्हणाली. "दोनदा आले होते. मी दाराआड उभी होते. आता वाटतं, निदान पाणी तरी द्यायचं होतं." मग म्हणाली, "त्या वेळी त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यांनी ऐकलं असतं. तसे ते ऐकणारे होते."

मी चहा पीत राहिलो. तात्यांनी बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं, म्हणून गप्प बसलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. ते खरं नाही. मला तिची भीती वाटली. शकूनं रिकामा कप उचलून नेला, विसळला, आणि चारच्या गाडीनं ती सासरी गेली.