बिनमिठाचे मामा

मिठाच्या बाबतीत माझ्या मोठ्या मामांचा शब्द म्हणजे अख्ख्या सांडोर-पापडीत शेवटचा शब्द. त्यावर अपील नव्हतं. लग्न असो, पूजा असो, बारसं असो, मामा मांडवात आल्याशिवाय आचारी पंगतीसाठी टोप उचलू देत नसे. मामा चपला बाजूला काढायचे, तळव्याच्या खळग्यात पळीतला थोडा रस घ्यायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "दोन मुठी अजून." मुठी कुणाच्या, हे विचारायची आचाऱ्याची टाप नव्हती. हा मान त्यांना कुणी दिला, कधी दिला, कुणालाच ठाऊक नाही. पण पत्रिकेवर नाव नसलं तरी चालेल, पहिली पळी आपल्या हातात आली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. घरी तर मीठ हा त्यांचा तोंडी लावायचा पदार्थ होता. वाडीतल्या पिकल्या केळ्यालाही ते मीठ लावून खात. ताटात भाजलेलं सुकट नसेल तर ते जेवण नव्हे, उपास.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी गावात रक्तदान शिबिर झालं. मामा रांगेत पहिले. तपासणाऱ्या मुलीने दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, पुन्हा भरली आणि म्हणाली, "काका, प्रेशर फार वाढलंय, तुमचं रक्त आज घेता येणार नाही." मामा तिथून थेट आमच्याकडे आले. "बाय, माझं रक्त परत पाठवलं," ते म्हणाले, जसं काही कुणी दिलेला आहेर परत केला होता. मामींच्याही आधी मला सांगायचं कारण एवढंच, की आमच्या सगळ्या गोतात कॉलेज पाहिलेली पहिली मी. मी झाले होते बी.कॉम. पण मामांच्या लेखी ग्रॅज्युएट म्हणजे ग्रॅज्युएट, त्याला रक्ताचा रिपोर्ट वाचता यायलाच हवा. मीही काही कमी नव्हते. मामा रक्त तपासून रिपोर्ट घेऊन आले, तेव्हा येत नाही म्हणण्याऐवजी मी कडेला छापलेले आकडे बघून कोलेस्टेरॉल किती हवं आणि किती आहे, ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

डॉक्टरांनी तीन महिने दिले. मीठ कमी, तळण कमी, खोबरं आणि सुकी मासळी बंद, रोज चालायचं, दर महिन्याला प्रेशर दाखवायचं. नाही उतरलं तर गोळी, मग वाद घालायचा नाही. याच प्रेशरने माझ्या आजोबांच्या अंगावरून वारं गेलं होतं आणि पुढची सात वर्षं ते खाटेवर होते. त्यांना घास भरवणारा हात मामांचा. परतताना रिक्षातून उतरताना मामा एवढंच म्हणाले, "मला कुणी भरवायला नको."

दुसऱ्या दिवसापासून मीठ बंद. मामींनी सांगून पाहिलं, डॉक्टर कमी म्हणाले, बंद नाही. मामा म्हणाले, "कमी म्हणजे किती ते मला समजत नाही. बंद म्हणजे काय ते समजतं." दारात चाळीस माड, आणि मामांच्या आमटीत खोबऱ्याचा कण नाही. लसूण, आमसूल, लिंबू एवढ्यावर त्यांचा संसार. पहाटे सांडोरहून पापडीपर्यंत चालायचे आणि वाटेतल्या प्रत्येक वाडीत डोकावून लोकांच्या दुधीची चौकशी करायचे. कुणाकडे जेवायला बोलावलं तर उकडलेल्या पडवळाचा डबा घेऊन जायचे आणि यजमानीणबाईंना सांगायचे, "तुमचं फक्त ताट द्या." विसाव्या दिवशी मामींना राहवलं नाही. त्यांनी आमटीत नखभर मीठ टाकलं. पहिल्याच घोटाला मामा थांबले. "आमटीत रडलीस काय गं?"

दोन महिने झाले तेव्हा प्रेशर निम्म्या वाटेवर उतरलं होतं. त्याच सुमारास शेजारच्या वाडीतल्या मुलीचं लग्न आलं. मामांच्या तळव्यावर वालाच्या बिरड्याचा रस पडला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "हा समुद्र आहे," ते म्हणाले. तीस वर्षं ज्या जिभेवर विसंबला, तिच्याशी आचारी काय वाद घालणार? त्याने टोपात आधणाचं पाणी ओतलं, बटाटे ढकलले, बाकीच्या टोपांत मीठ निम्मं केलं. पाचशे पानं उठली. पंगतीत एकच हाक, मीठ वाढा, इकडे मीठ वाढा. कुणीतरी म्हणालं, "मामांनी अख्ख्या वऱ्हाडाचं प्रेशर उतरवलं." मामा मात्र डबा न उघडता पानावरचं जेवत होते. शेजारच्या पानावरच्या बाईंना म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी एवढं चांगलं जमलंय."

घरी आल्यावर मामींनी त्यांना सांगितलं, सगळं जेवण अळणी झालं होतं. मुलीचा बाप एका शब्दाने बोलला नाही, तेच मामांना जास्त लागलं. पुढच्या लग्नाची पत्रिका आली, पण पळीचा निरोप आला नाही.

तीन महिने भरले. मी सोबत गेले होते. डॉक्टरांनी दोनदा पट्टा गुंडाळला, नवा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "गोळी नको. पण येत राहा. आणि चिमूटभर मीठ चालेल आता." मामा ताठ उभे राहिले. बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना त्यांनी प्रेशरचा आकडा सांगितला, कंपाउंडरला दोनदा.

संध्याकाळी मामी म्हणाल्या, "अहो, आता थोडं मीठ सुरू करा. जीभ परत येईल. मानही येईल."

मामा ओट्यावर बसले. म्हणाले, "चिमटीवरून मी मुठीवर जाणार, मला ठाऊक आहे. आणि तीस वर्षं मी तुझ्याच हातचं मीठ खाऊन गावाचा निवाडा करत होतो. जीभ कुणाची होती मग?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आचाऱ्याकडे गेले, पहिली पळी आता मामींना द्यायची म्हणून सांगायला. आमच्याकडे मांडवामागच्या चुलीशी चव बघायला बाई कधी उभी राहिली नव्हती. आचारी म्हणाला, "मामा, लोक काय बोलतील?" मामा म्हणाले, "खारट झालं तर बोलतील."

त्या लग्नात मी मुद्दाम मागे जाऊन उभी राहिले. झाकण उघडलं, वाफ आली. आचाऱ्याने सवयीने पळी मामांपुढे धरली. मामांनी ती घेतली, क्षणभर तशीच धरली आणि मामींच्या तळव्यावर रिती केली. मामींनी डोळे मिटले. "एक मूठ," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पंगतीत कुणी मीठ मागितलं नाही. मामा टोपाशी थांबून राहिले होते, पळीला चिकटलेला वालाचा एक दाणा बघत. मग त्यांनी पळी धुऊन जागेवर ठेवली आणि आपला डबा उघडायला निघाले.